घरच्या इस्त्रीने उन्हाळी टीशर्ट: अक्षरं कापण्यापासून पहिल्या धुण्यापर्यंत

मुलांच्या परीक्षा संपत आल्या की चिपळूणहून ताईचा फोन येतो, "यंदा टीशर्टांवर काय टाकतेस गं?" तिची दोन मुलं आणि आमच्या नागपूरच्या घरातली तीन, असे पाच टीशर्ट दर एप्रिलला माझ्याकडे असतात. सुट्टीत सगळी भावंडं एकत्र आली की टीशर्ट एकसारखे हवेत, पण प्रत्येकाला त्यावरचा शब्द मात्र आपापला हवा. स्क्रीन प्रिंटिंगला प्रत्येक डिझाइनची वेगळी स्क्रीन करावी लागते, त्यामुळे एकेका नगासाठी ते परवडत नाही. इस्त्रीने चिकटणारं व्हिनाइल अशा वेळी कामाला येतं. नग एक असो की पाच, कृती तीच, आणि इस्त्री घरात असतेच.

कृतीकडे वळण्याआधी एक गोष्ट सांगते, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यावरच उभे आहेत. व्हिनाइल म्हणजे प्लास्टिकचा पातळ पापुद्रा. त्यातून वारा जात नाही आणि घामही सुटत नाही. पहिल्या वर्षी मी भाचीच्या टीशर्टवर छातीभर कलिंगडाची फोड केली होती, लाल रंगाने सगळी भरलेली. दिसायला छान होती. दुपारी चिपळूणच्या अंगणात खेळून ती आत आली, तेव्हा तेवढाच भाग अंगाला चिकटला होता आणि टीशर्ट काढल्यावर खाली त्वचा लालसर झाली होती. तिने तो पुन्हा घातला नाही. तेव्हापासून माझा नियम ठरला: उन्हाळी टीशर्टवर कापड जास्त, व्हिनाइल कमी. भरीव आकाराऐवजी बाह्यरेषा, मोठ्या चौकोनाऐवजी एखादा शब्द, आणि काळ्यापेक्षा उजळ रंग, कारण काळं व्हिनाइल दुपारच्या उन्हात चांगलंच तापतं. तीच कलिंगडाची फोड नुसती हिरवी कमान, तिच्या आत एक लाल रेघ आणि पाच बिया एवढ्यात होते, आणि मधलं कापड श्वास घेतं.

व्हिनाइल घेताना

दुकानात नुसतं "व्हिनाइल" मागितलं तर गाडीच्या काचेवर किंवा नंबरप्लेटवर लावतात ते स्टिकर मिळण्याची शक्यता जास्त. त्याला आपल्याकडे सर्रास "रेडियम" म्हणतात. त्याच्या मागे कागद असतो, कागद सोलला की चिकट बाजू हाताला लागते. ते कापडासाठी नाही. आपल्याला हवं ते "हीट ट्रान्सफर व्हिनाइल", बाजारात "एचटीव्ही" म्हणून मिळतं. ओळखायची खूण सोपी आहे. एका बाजूला चकचकीत पारदर्शक फिल्म असते, तिला कॅरियर म्हणतात. दुसरी बाजू निस्तेज असते आणि बोट लावलं तर चिकटत नाही, कारण तिच्यावरचा गोंद उष्णतेनेच जागा होतो. कॅरियर आणि गोंद यांच्या मध्ये खरा रंगीत थर.

हा रंगीत थर पीव्हीसीचा असतो किंवा पॉलियुरेथेनचा, म्हणजे पीयूचा. उन्हाळ्यासाठी पीयूच घ्या. तो पातळ असतो, कापडाबरोबर ताणला जातो आणि बोटांत चुरगाळला तर लगेच मोकळा होतो. पीव्हीसी जरा जाड आणि ताठ. ग्लिटरचं व्हिनाइल मुलींना फार आवडतं, पण ते आणखी जाड असतं, म्हणून मी ते एखाद्या चांदणीपुरतं वापरते. अगदी लहान बाळासाठी करणार असाल तर पाकिटावर "ओको-टेक्स" हे प्रमाणपत्र आहे का ते बघा. अपायकारक रसायनांची तपासणी करून ते दिलं जातं.

रोल साधारण ५० सेंटिमीटर रुंद असतो आणि अनेक दुकानदार मीटरवर कापून देतात. आकार ठरवताना हा पन्हा लक्षात ठेवा. मीटरभर तुकड्यात १८ सेंटिमीटरची चौकोनी डिझाइनं आडवी दोन आणि उभी पाच, म्हणजे दहा बसतात. तीच १६ सेंटिमीटरची केली तर आडवी तीन, उभी सहा, म्हणजे अठरा. शिवाय छोट्या डिझाइनमध्ये घामही कमी. मशीनवर कापणार असाल तर कडेला रोलर धरण्यापुरती जागा सोडावी लागते, तेवढा हिशेब वेगळा.

टीशर्ट

शंभर टक्के सुती, साध्या विणीचा, १६० ते १८० जीएसएमचा. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. २२० किंवा २४० जीएसएमचे टीशर्ट हातात भारदस्त लागतात, पण मे महिन्यात ते नकोत. लेबलवर "बायोवॉश" असेल तर उत्तम. त्यात एन्झाइमने कापडावरची लव काढलेली असते, आणि गुळगुळीत कापडावर व्हिनाइल घट्ट बसतं. होजिअरीचे असे साधे टीशर्ट बरेचसे तमिळनाडूतल्या तिरुप्पूरहून येतात आणि आपल्याकडे कुठल्याही मोठ्या बाजारपेठेत मिळतात. उठावदार विणीचं, जाळीदार किंवा रिबचं कापड घेऊ नका. व्हिनाइल उंचवट्यांनाच चिकटतं आणि खोलगट जागी अधांतरी राहतं.

खेळाचे ड्रायफिट टीशर्ट पॉलिस्टरचे असतात. जास्त तापलेल्या इस्त्रीने त्यांवर चकाकी येते, आणि गडद पॉलिस्टरचा रंग उष्णतेने सुटून वरच्या पांढऱ्या व्हिनाइलमध्ये उतरू शकतो. लाल टीशर्टवरचा पांढरा आकडा काही दिवसांत गुलाबी दिसायला लागतो तो यामुळे. पॉलिस्टरसाठी कमी तापमानाचं वेगळं व्हिनाइल मिळतं. पहिल्याच खेपेला त्याच्या वाटेला जाऊ नये असं माझं मत.

नवा टीशर्ट आधी धुऊन, वाळवून घ्या. ही पायरी बरेच जण गाळतात. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, व्हिनाइल आटत नाही. आधी छापलंत आणि मग धुतलंत तर अक्षरांभोवती कापड गोळा होतं, ते इस्त्रीनेही सरळ होत नाही. धुताना कपडे मऊ करणारं द्रव घालू नका, खळही नको. दोन्हींचा थर गोंदाला धाग्यापर्यंत पोचू देत नाही.

देवनागरी अक्षरं कापायची तर

इंटरनेटवर सापडणाऱ्या बहुतेक सूचना रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेल्या असतात. आपल्या लिपीचा एक मोठा फायदा आहे. शिरोरेखेमुळे सगळा शब्द एकसंध तुकडा होतो, अक्षरं वेगवेगळी सरळ ओळीत मांडत बसावं लागत नाही. पण तिच्या काही गोष्टी सांभाळाव्याही लागतात.

पहिली गोष्ट जोडाची. संगणकात शब्द एकसंध दिसला तरी आत प्रत्येक अक्षर स्वतंत्र असतं आणि शेजारच्या अक्षराची शिरोरेखा त्यावर किंचित चढलेली असते. कापणारं मशीन ही चढलेली कडही कापतं. मग शब्द सोलायला घेतला की शिरोरेखेचे तुकडे हातात येतात. मी इंकस्केप हे मोफत सॉफ्टवेअर वापरते. त्यात शब्द टाइप करून "पाथ" मेनूतलं "ऑब्जेक्ट टू पाथ" करायचं, मग अनग्रुप, आणि सगळं निवडून "युनियन". त्यानंतर रंगाचं भरण काढून नुसती बाह्यरेषा ठेवून बघा. शब्दाच्या आत एकही आडवी-उभी रेघ शिल्लक दिसता कामा नये. "उकडतंय" हा आमच्या घरातला लाडका शब्द. त्यात युनियनआधी चार-पाच ठिकाणी अशा रेघा दिसतात, नंतर एकही नाही.

दुसरी गोष्ट फॉन्टची. पातळ-जाड वळणाची, लेखणीने लिहिल्यासारखी अक्षरं कागदावर देखणी दिसतात, पण त्यांच्या पातळ रेघा व्हिनाइलमध्ये तुटतात. एकसारख्या जाडीची, गुबगुबीत अक्षरं घ्या. मुंबईच्या "एक टाइप" या संस्थेने केलेले "बालू" आणि "मुक्ता" हे दोन्ही मोफत आहेत आणि छान कापले जातात. "मोदक" तर नावाप्रमाणेच टम्म फुगलेला. मुलांना तो फार आवडतो, पण त्याचं अक्षर जवळजवळ भरीव असल्यामुळे मी तो दोन अक्षरांच्या शब्दापलीकडे वापरत नाही. "यात्रा वन" मुंबईच्या लोकल स्थानकांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून घेतलेला आहे. गावाच्या किंवा स्टेशनच्या नावासाठी तो फार शोभतो. फॉन्ट निवडताना "ल" आणि "श" मात्र नीट बघून घ्या. कित्येक फॉन्टांत ही दोन अक्षरं हिंदी वळणाची असतात. "उन्हाळा" लिहिताना काही बिघडत नाही, पण "कलिंगड" लिहिलंत की तो "ल" डोळ्यांना खुपतो. छातीवर मराठी शब्द मिरवायचा तर तो मराठी वळणाचाच असावा, असं मला मनापासून वाटतं. फॉन्टमध्ये तशी सोय नसेल तर मी तेवढं एक अक्षर दुसऱ्या फॉन्टातून घेते किंवा हाताने काढते.

तिसरी गोष्ट टिंबाची, आणि हिच्यापाशी मी सगळ्यात जास्त शिकले. धाकट्या भाच्याला "आंबा" हवा होता. पिवळ्या व्हिनाइलमध्ये सुरेख आला. दुसऱ्या धुण्यानंतर ताईने फोटो पाठवला: अनुस्वार गळून गेला होता आणि टीशर्टवर "आबा" उरलं होतं. कारण साधं आहे. टिंब शिरोरेखेला जोडलेलं नसतं, ते एकटं असतं. आकार जितका लहान तितकी गोंदाची पकड कमी, आणि सगळी बाजू कडच असल्यामुळे घासलं जाण्याला तोंड जास्त. फॉन्टमधलं ते टिंब तीन मिलिमीटरचं होतं. आता मी प्रत्येक अनुस्वार मोजून पाच मिलिमीटरचा करते, किंवा किंचित खाली ओढून शिरोरेखेला टेकवते आणि मग युनियन करते. टेकवलेला अनुस्वार वाचायला खटकत नाही, करून बघा. बाकी कुठलीही रेघ दोन मिलिमीटरपेक्षा बारीक ठेवू नका. रफार आणि ऋकाराची शेपटी खास तपासा.

फोटो किंवा अनेक रंगछटांचं चित्र हवं असेल तर व्हिनाइलचा हट्ट धरू नका. ते काम डीटीएफ छपाईचं, म्हणजे आधी फिल्मवर छापून मग कापडावर उतरवण्याचं. व्हिनाइलची मजा एक-दोन सपाट रंगांत आहे.

उलटं करा

कापायला देण्याआधी डिझाइन आरशातल्यासारखं उलटं करायचं. व्हिनाइल मागच्या, म्हणजे गोंदाच्या बाजूने कापतात आणि लावताना पालथं घालतात, म्हणून. इंकस्केपमध्ये डिझाइन निवडून नुसतं "एच" हे बटण दाबलं की ते आडवं उलटतं. पडद्यावर शब्द वाचता आला तर थांबा, अजून उलटा झालेला नाही. आंब्यासारखं डौलदार चित्र असलं तरी हे विसरू नका, चोचीची दिशा बदलते.

कापणं

क्रिकट किंवा सिल्हूट कॅमिओसारखं घरगुती मशीन असेल तर प्रश्न नाही. व्हिनाइलची चकचकीत बाजू खाली करून मॅटवर चिकटवायची. मुख्य डिझाइनच्या आधी कोपऱ्यात सेंटिमीटरभर चौकोन कापून बघा. तो सुईने सहज उचलला गेला पाहिजे, आणि खालच्या कॅरियरवर फक्त पुसटशी रेघ दिसली पाहिजे. कॅरियर आरपार कापलं गेलं तर पात्याचा दाब कमी करा, चौकोन ओढून काढावा लागला तर वाढवा.

मशीन नसेल तर रेडियमवाल्याकडे जा. नंबरप्लेट आणि स्टिकर करणाऱ्या बहुतेक दुकानांत कटिंग प्लॉटर असतो, तोच प्लॉटर हे व्हिनाइलही कापतो. आपलं व्हिनाइल आणि फाइल घेऊन जायची. बहुतेक ठिकाणी कोरलड्रॉ ("कोरल") या सॉफ्टवेअरमध्ये काम चालतं. इंकस्केपमधून एसव्हीजी किंवा पीडीएफ काढून दिलीत तर ती कोरलमध्ये उघडते. मी उलटी केलेली फाइलच नेते आणि तोंडानेही सांगते, "दादा, हे इस्त्रीचं आहे. चमकणारी बाजू खाली, आणि फाइल आधीच उलटी केलीय, परत उलटवू नका." हे बोलून दाखवणं गरजेचं आहे. त्यांच्या हाताला सरळ कापायची सवय असते, आणि कुणी चांगल्या मनाने फाइल "सरळ" करून दिली तर सगळा तुकडा वाया जातो.

तिसरा मार्ग हाताचा. पेनसारखं कटर, नवं पातं, खाली कटिंग मॅट किंवा जाड पुठ्ठा. उलट्या डिझाइनची प्रिंट व्हिनाइलच्या निस्तेज बाजूवर चिकटपट्टीने चारही कडांना लावायची आणि कागदासकट व्हिनाइल कापायचं, कॅरियर नाही. हा दाब चार-दोन चुका करूनच हाताला कळतो, म्हणून आधी टाकाऊ तुकड्यावर सराव करा. पातं फिरवण्याऐवजी कागद फिरवा. वळण एका दमात कापा, थांबलात की तिथे दात पडतो. आतल्या फटी आधी आणि बाहेरची कड शेवटी, नाहीतर तुकडा हलायला लागतो. कैरी, पान, सूर्य, पतंग असे आकार तर मुलंही साध्या कात्रीने कॅरियरसकट कापू शकतात. कटर मात्र मोठ्यांच्याच हातात.

सोलणं

नको असलेलं व्हिनाइल काढून टाकायचं आणि कॅरियरवर फक्त डिझाइन ठेवायचं. मी जुन्या रिफिलमध्ये अडकवलेली टाचणी आणि भुवयांचा चिमटा एवढ्यावर हे करते. पंखा आणि कूलर बंद. कोपऱ्यातून सुरुवात करून बाहेरचा भाग तिरका, हळू ओढायचा, आणि बोट सतत पुढच्या अक्षरावर टेकवलेलं ठेवायचं, म्हणजे ते सोबत उठत नाही. मग आतल्या फटी: "ब"चं पोट, "ठ"चा गोल, "क"ची डावी वाटी. शेवटी कॅरियर खिडकीसमोर धरा. प्रकाश कुठून आरपार येतो आणि कुठून नाही, हे क्षणात दिसतं. राहिलेली फट याच वेळी सापडते. इथे सुटली तर ती सापडते टीशर्टवर. टिंबं मोजा.

इस्त्री

व्हिनाइल नीट न बसण्याचं कारण लोक इस्त्री कमी तापण्यात शोधतात. माझ्या अनुभवात दोष दाबाचा जास्त असतो. वितळलेला गोंद धाग्यांच्या आत शिरायला हवा, आणि तो आत जातो जोरामुळे.

म्हणून इस्त्रीचं टेबल वापरू नका. ते मऊ असतं, लावलेला सगळा जोर गादीत जिरतो. पलंगही नको. माझ्याकडे आजीचा सागवानी पाट आहे, पितळी फुलं नसलेला, सपाट. तो मी जमिनीवर ठेवते, त्यावर जुन्या सुती धोतराची दुहेरी घडी आणि त्यावर टीशर्ट. पाट टीशर्टच्या आतच सरकवला तर आणखी चांगलं: मागची शिवण आणि गळ्याचा जाड भाग खाली लोंबतो आणि छपाईची जागा एकदम सपाट होते. मग गुडघ्यांवर बसून सगळ्या अंगाचा भार हातांवर टाकता येतो. पाट नसेल तर प्लायवूडचा तुकडा चालेल. थेट फरशीवर करू नका, फरशी उष्णता ओढून घेते. सनमायकाच्या टेबलावर करायचं तर खाली जाड घडी हवीच, नाहीतर सनमायका फुगतो.

वाफेच्या इस्त्रीपेक्षा साधी, जड इस्त्री इथे सरस. वाफेच्या इस्त्रीच्या तळाला भोकं असतात आणि भोकांखाली उष्णताही नाही, दाबही नाही. तीच वापरायची असेल तर पाणी पूर्ण काढा, वाफ बंद करा आणि दर खेपेला इस्त्री थोडी सरकवून ठेवा. पीयू व्हिनाइलला साधारण १५० ते १६० अंश सेल्सिअस लागतात. विकणाऱ्याने काही वेगळं लिहिलं असेल तर तेच पाळा. इस्त्रीवर अंश नसतात, टिंबं असतात: ढोबळमानाने एक टिंब ११० अंशांच्या आसपास, दोन १५०, तीन २००. म्हणजे चकती दोन टिंबांच्या जरा पुढे, "कॉटन"च्या अलीकडे. इस्त्रीचा दिवा एकदा विझून पुन्हा लागतो आणि दुसऱ्यांदा विझतो, तेव्हा ती नीट तापलेली असते. प्रत्येक खेप दिवा विझल्या विझल्या सुरू करा. गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं, तिथे हे काम दुपारीच उरकलेलं बरं.

आधी जुन्या बनियनवर व्हिनाइलचा छोटा तुकडा लावून बघा. आपल्या इस्त्रीचा स्वभाव त्यातच कळतो.

आता प्रत्यक्ष कृती. टीशर्टची लांबीत घडी घाला, बाही बाहीवर आली पाहिजे, आणि मधोमध इस्त्री फिरवून पुसट रेघ पाडा. ही मध्यरेषा. डिझाइनलाही कॅरियरवर मधोमध पेनने खूण करा. गळ्याच्या शिवणीपासून डिझाइन किती खाली? ज्याचा टीशर्ट त्याची चार बोटं. मोठ्या माणसाची चार बोटं सात-आठ सेंटिमीटर भरतात, सात वर्षांच्या मुलाची पाचेक, आणि दोघांनाही ते अंतर बरोबर शोभतं. कुणी याहून खाली लावलं तर चित्र पोटावर येतं. रुंदी मुलांना १५-१६ आणि मोठ्यांना २०-२२ सेंटिमीटर पुरते. पाठीवर छापायचं मी टाळते. खुर्चीला, बसच्या सीटला पाठ टेकते आणि घाम तिथेच साचतो.

डिझाइन ठेवायच्या आधी कापड पाच-सात सेकंद कोरडं इस्त्री करा, म्हणजे त्यातली ओल निघून जाते. कोकणात दोनदा करा. नागपुरात हवा कोरडी असली तरी कूलरच्या खोलीत टीशर्ट घडी करून ठेवला असेल तर तो दमट झालेला असतो, हे मला उशिरा लक्षात आलं. मग कॅरियर वर, गोंदाची बाजू खाली असं डिझाइन ठेवा. शब्द आता सरळ वाचता आला पाहिजे. त्यावर टेफ्लॉन शीट किंवा बेकिंगचा सिलिकॉन लावलेला कागद. मेण लावलेला स्वस्त बटर पेपर नको, मेण वितळून टीशर्टवर डाग पडतो. काहीच नसेल तर पातळ सुती रुमाल.

इस्त्री टेकवा आणि दाबा. फिरवू नका. कपड्याला इस्त्री करताना हात आपोआप पुढे-मागे जातो, इथे तो रोखायचा आहे, कारण फिरवलं की ओला गोंद घसरतो आणि अक्षर तिरकं होतं. एका जागी मनात सावकाश वीस आकडे, पूर्ण भार देऊन. मग इस्त्री उचला आणि शेजारी, आधीच्या जागेवर थोडी चढेल अशी ठेवून पुन्हा वीस. टोकाकडे दाब कमी पडतो, म्हणून महत्त्वाचं अक्षर इस्त्रीच्या मध्याखाली येऊ द्या. सोळा सेंटिमीटरचा शब्द तीन-चार खेपांत होतो.

कॅरियर गरम असताना काढायचं की थंड झाल्यावर, हे प्रत्येक व्हिनाइलचं वेगळं असतं आणि घेतानाच विचारून ठेवायचं असतं. कळलं नाही तर कोमट होईपर्यंत थांबा. एका कोपऱ्यातून, कापडाला अगदी लगटून, मागे दुमडत ओढा. कड उठताना दिसली तर ओढू नका. कॅरियर परत टेकवा, कागद ठेवा, आणखी दहा सेकंद दाबा. कॅरियर निघालं की टीशर्ट उलटा करून आतल्या बाजूने पंधरा सेकंद दाबा. ही पायरी कुणी फारशी सांगत नाही, पण गोंद कापडाच्या बाजूने वितळून धाग्यांत ओढला जातो तो या वेळी. मग पुन्हा सरळ करून, कागद ठेवून एक शेवटचा दाब. नीट बसलं असेल तर व्हिनाइलच्या पृष्ठभागावर कापडाची वीण किंचित उमटलेली दिसते. काचेसारखं गुळगुळीत दिसत असेल तर अजून दाब हवा. कडा तपकिरी झाल्या किंवा गोंद बाजूला पसरला, तर उष्णता जास्त झाली.

दोन रंग असतील तर खालच्या रंगाला फक्त पाच सेकंद द्या, पूर्ण वेळ शेवटी सगळ्याला मिळून. नाहीतर खालचा थर जास्त तापून आकसतो आणि वरचा रंग जागेवर बसत नाही. शक्यतो थरावर थर देऊच नका, रंग शेजारी शेजारी मांडा. कलिंगडाची हिरवी कमान आणि लाल रेघ यांच्यामध्ये मी दोन मिलिमीटर पांढरं कापड सोडते. जुळवायची कटकट वाचते आणि दिसतंही जास्त मोकळं. ग्लिटरवर मात्र दुसरं काही चिकटवायला जाऊ नका, धरत नाही.

धुणं आणि दुरुस्ती

लावल्यावर एक दिवस टीशर्ट धुऊ नका. मुलं लगेच घालायला मागतात, घालू द्या, फक्त पाणी नको. पुढे नेहमी उलटा करून, गार पाण्यात धुवा. धोपटणं नको, छापलेल्या भागावर ब्रश नको, ब्लीच नको, आणि पिळताना तो भाग मधे येऊ देऊ नका. वाळवायचाही उलटाच, सावलीत. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे देत असाल तर उलटा करून, घडी घालून द्या आणि सांगून द्या. कोळशाच्या इस्त्रीला चकती नसते, ती थेट व्हिनाइलवर आली तर अक्षर तळाला चिकटून येतं.

एखादी कड उठली तर ती नखाने खरवडू नका. टीशर्ट धुऊन पूर्ण वाळवा, कागद ठेवा आणि तेवढ्याच जागी वीस सेकंद दाबा. बहुतेक वेळा पुन्हा बसते. आतल्या गोंदाला धूळ किंवा तेल लागलं असेल तर बसत नाही, मग तो तुकडा काढून नवा लावायचा. काढताना आतल्या बाजूने इस्त्रीने तापवा आणि व्हिनाइल गरम असतानाच चिमट्याने उचला.

"आबा" झालेला तो टीशर्ट ताईने पुढच्या सुट्टीत नागपूरला आणला. पिवळ्याचा उरलेला तुकडा मी डब्यात ठेवला होता, प्रत्येक रंगाचा तळहाताएवढा तुकडा मी ठेवतेच. त्यातून पाच मिलिमीटरचं गोल टिंब कापलं. एवढं छोटं टिंब कॅरियरसकटच कापलं, म्हणजे चिमट्यात धरता येतं. जुन्या टिंबाची जागा कापडावर किंचित उजळ दिसत होती. तिथे दहा सेकंद कोरडी इस्त्री, मग टिंब, त्याची खालची कड शिरोरेखेला जेमतेम टेकलेली, वर कागद आणि वीस सेकंद पूर्ण भार. गार झाल्यावर टाचणीने कॅरियरचा तुकडा उचलला, मग आतून पंधरा सेकंद. भाचा शेजारी उभा राहून मोठ्याने आकडे मोजत होता. त्याने टीशर्ट तसाच गरम गरम अंगात घातला आणि आरशासमोर जाऊन शब्द वाचायला लागला. आरशात तो उलटा दिसतो म्हणून परत येऊन मला वाचायला सांगितलं.